पासवर्ड कुणापासून वाचवतो?

फेब्रुवारी २०१२मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपला संताप जाहीरपणे लिहून काढला. त्यांच्या मुलीचा शाळेतून फोन आला होता. शाळेचा प्रिंटर जोडायचा होता आणि संगणक प्रशासकाचा पासवर्ड मागत होता. संगणकावर ओपनसूसे ही लिनक्सची आवृत्ती होती. टाइमझोन बदलायचा किंवा नवं वायफाय जोडायचं म्हटलं तरी तीच अडवणूक होते, ही त्यांची तक्रार आधीपासूनची होती. भाषा जहाल होती. त्यामुळे चर्चा त्यांच्या स्वभावाचीच जास्त झाली आणि मुद्दा बाजूला पडला.

मुद्दा बाजूला पडायला एक सर्वमान्य समजही कारणीभूत होता. तो आजही आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे: पासवर्ड मागितला तर बिघडलं कुठे? चार अक्षरं जास्त टाइप करावी लागतात, पण सुरक्षितता तर वाढते! या समजात त्रास आणि सुरक्षितता एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसवलेल्या असतात. एक वाढला की दुसरी वाढणारच, असं गृहीत धरलेलं असतं.

मला हा समज उथळ वाटतो, आणि घातकही. संगणकाला पासवर्ड विचारण्याचा हक्क एकाच ठिकाणी पोचतो: एका माणसाची कृती दुसऱ्या माणसाच्या हिताला जिथे भिडते तिथे. जिथे असा दुसरा माणूसच नाही, तिथे विचारलेला पासवर्ड सुरक्षिततेत काडीची भर घालत नाही, उलट असलेली सुरक्षितता कमी करतो. प्रिंटर जोडणं हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे, म्हणून ते तपशिलात पाहू.

१. यंत्र एक, माणसं अनेक

संगणकाच्या पासवर्डचा इतिहास १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू होतो. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने तिथे एकच महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायची पद्धत उभी केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात आणि प्रत्येकाला नेमून दिलेला वेळ त्यालाच मिळावा, यासाठी पासवर्ड आला. १९६२मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या वाट्याचा वेळ पुरेना. त्याने पंचकार्डावरून पासवर्डांची फाइल छापायची विनंती टाकली आणि सगळ्यांचे पासवर्ड कागदावर छापून मिळवले. संगणकीय पासवर्डची ही पहिली ज्ञात चोरी झाली तीच मुळी प्रिंटरवरून.

या गोष्टीत लक्षात घेण्यासारखं हे की पासवर्ड तिथे खरोखर कुणाला तरी कुणापासून वाचवत होता. शेरने उचललेला वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचा होता. पुढे युनिक्सने हीच मांडणी उचलली: सामान्य वापरकर्ते अनेक आणि त्यांच्यावर सर्वाधिकारी 'रूट' एक. प्रिंटर तेव्हा संगणकाच्या खोलीत उभा असलेला, सगळ्या विभागाचा मिळून एक असे. तो कुणी कसा जोडावा हे प्रशासकाने ठरवणं रास्तच होतं, कारण तो बिघडला तर सगळ्यांचंच काम अडायचं.

आज चित्र उलटं आहे. एका माणसाकडे दोन-तीन यंत्रं असतात आणि बहुतेक घरगुती लॅपटॉपवर रोजच्या वापरातलं खातंही एकच. परिस्थिती बदलली, पण 'प्रिंटर ही संपूर्ण यंत्रणेची बाब, म्हणून प्रशासकाची बाब' हा नियम तसाच पुढे आला. हा नियम आजच्या गरजेतून कुणी नव्याने तपासून घातलेला नाही, तो फक्त कुणी काढला नाही.

२. प्रिंटर जोडताना संगणक काय करतो?

'प्रिंटर जोडणं' असं आपण एका दमात म्हणतो. प्रत्यक्षात त्यात निदान पाच वेगळ्या कृती असतात आणि त्यांची जोखीम मुळीच सारखी नसते.

पहिली कृती म्हणजे शोध: यूएसबीवर किंवा नेटवर्कवर कोणते प्रिंटर दिसतात ते पाहणं. यात कशातही बदल होत नाही. दुसरी, रांग तयार करणं: प्रिंटरला एक नाव द्यायचं आणि त्याचा पत्ता नोंदवायचा. लिनक्स आणि मॅक या दोन्हींवर छपाईचं काम कप्स नावाची यंत्रणा सांभाळते. मायकेल स्वीट यांनी ती लिहायला घेतली १९९७मध्ये, आणि २००२मध्ये अ‍ॅपलने ती स्वीकारली. तिच्या लेखी नवी रांग म्हणजे एका मजकुरी फाइलीतल्या काही ओळी. तिसरी कृती म्हणजे ड्रायव्हर बसवणं, आणि ही मात्र गंभीर आहे. ड्रायव्हर म्हणजे परका प्रोग्राम. तो छपाई यंत्रणेच्या अधिकाराने चालतो, आणि ती यंत्रणा चढ्या अधिकाराने चालत असेल तर तोही तसाच चालतो. चौथी, 'नेहमीचा प्रिंटर' कोणता ते ठरवणं. पाचवी, थांबलेली रांग पुन्हा सुरू करणं.

या पाचवीवर जरा थांबायला हवं. कागद अडकला किंवा केबल सैल झाली की कप्सला विचारावं लागतं: आता काय करू? हे काम रद्द करू, पुन्हा प्रयत्न करू, की प्रिंटरच थांबवू? मूळ मांडणीत शेवटचा पर्याय निवडलेला असतो. मग माणूस झाकण उघडतो, चुरगळलेला कागद अलगद ओढून काढतो, झाकण लावतो, हिरवा दिवा लागतो. प्रिंटर तयार आहे, पण पडद्यावरची रांग थांबलेलीच आहे आणि 'सुरू करा' म्हटलं की काही संगणकांवर प्रशासकाचा पासवर्ड मागणारी खिडकी उघडते. प्रिंटरमध्ये हात घालून कागद काढायची मुभा त्या माणसाला होती. तो नीट काढला गेलाय, एवढं संगणकाला सांगायची मात्र नाही.

पाचांपैकी फक्त एका कृतीत खरी जोखीम आहे, तरी काही संगणकांवर पाचही ठिकाणी तीच खिडकी, तोच पासवर्ड. हे यंत्राला वेगळं करता येत नाही म्हणून होतं का? अजिबात नाही. लिनक्सवर कुणाला काय करू द्यायचं हे ठरवणारी पॉलकिट नावाची यंत्रणा आहे. छपाईसाठीच्या तिच्या जोडीदारात प्रिंटर शोधणं, स्थानिक प्रिंटर बदलणं, दूरचा प्रिंटर बदलणं, नेहमीचा प्रिंटर ठरवणं, रांग सुरू-बंद करणं, स्वतःचं काम रद्द करणं आणि दुसऱ्याचं काम रद्द करणं, हे सगळे परवाने सुटे सुटे आहेत. प्रत्येकाला 'होय', 'नाही', 'स्वतःचा पासवर्ड' किंवा 'प्रशासकाचा पासवर्ड' असं उत्तर देता येतं. समोर बसलेला माणूस आणि दुरून जोडलेला माणूस हा फरकही तिला कळतो. विवेक करण्याचं साधन तयार आहे, कमी पडला तो ते वापरण्याचा निर्णय.

३. लहान कामासाठी सगळा अधिकार

जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५मध्ये संगणकीय संरक्षणाची तत्त्वं मांडली. आजही अभ्यासक्रमात तीच शिकवतात. त्यातलं एक तत्त्व असं की कुठल्याही कामाला लागेल तेवढाच, कमीत कमी अधिकार द्यावा. दुसरं असं की संरक्षणाची पद्धत माणसाला सहज, रोजच्या रोज आणि बरोबर वापरता येईल अशी हवी. अनावश्यक पासवर्ड ही दोन्ही तत्त्वं एका फटक्यात मोडतो.

कसं ते पाहा. टॉरवाल्ड्स यांच्या मुलीपुढे पर्याय दोनच होते: प्रिंटर न वापरणं, किंवा वडिलांकडून पासवर्ड घेणं. तिला हवा होता एका प्रिंटरचा पत्ता नोंदवण्याचा अधिकार. पासवर्ड हाती आला की मिळणार होता संपूर्ण यंत्राचा ताबा. हे चित्र आपल्याकडे घरोघर आहे. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरात नोकरीला, सांगलीला आईवडिलांचा लॅपटॉप त्यानेच लावून दिलेला, प्रशासकाचं खातं त्याचं. वडिलांना पेन्शनचा फॉर्म छापायचा आहे, नवा प्रिंटर आणलाय, पासवर्ड हवा. मग फोनवरून संवाद होतो, "बाबा, लिहून घ्या." त्या क्षणापासून तो पासवर्ड डायरीत, नाहीतर टेबलाच्या काचेखाली. कार्यालयांमध्ये तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. अशा माणसांना निष्काळजी ठरवणं सोपं आहे. पण त्यांनी जे केलं त्याला त्या खिडकीने दुसरी वाटच ठेवलेली नव्हती. अधिकार कमी ठेवण्यासाठी लावलेला पासवर्डच अधिकार वाटत सुटतो, तो असा.

शिवाय त्या पासवर्डाने वाचतं तरी काय? घरगुती संगणकात मोलाचं जे काही असतं, म्हणजे ईमेल, बँकेचं चालू सत्र, फोटो, कागदपत्रं, ते सगळं सामान्य खात्यातच असतं. कुणी उघडा लॅपटॉप उचलून नेला तर यातल्या कशासाठीही त्याला प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही. ड्रायव्हर बसवायला तेवढा लागतो! रँडल मनरो यांच्या एक्सकेसीडी या चित्रमालिकेने २०१३मध्ये याच विसंगतीवर नेमकं बोट ठेवलं होतं. संरक्षण आहे ते यंत्राला, आणि यंत्र तर पुन्हा नव्याने मांडता येतं. ज्याला पर्याय नाही ते त्या भिंतीच्या बाहेरच पडून आहे.

४. खिडकी काय शिकवते

वारंवार येणारी खिडकी माणसाला एकच धडा देते: खिडकी आली की पासवर्ड टाका, काम पुढे जातं. ती का आली, कुणी आणली, नाही म्हटलं तर काय होईल, यातलं काहीच त्याला उमगत नाही, कारण दर वेळी ती जवळजवळ सारखीच दिसते. आणि अशी खिडकी कुठलाही प्रोग्राम रंगवू शकतो. ज्याला दिवसात चार वेळा खऱ्या खिडकीत पासवर्ड टाकायची सवय लागली आहे तो पाचव्या, बनावट खिडकीपाशी थबकेल अशी अपेक्षा करणं अन्याय आहे. पासवर्ड जितक्या कमी वेळा मागाल तितकं त्याच्या मागण्याला वजन येतं.

मायक्रोसॉफ्टने हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. २००७च्या आरंभी बाजारात आलेल्या व्हिस्टामध्ये पदोपदी परवानगी मागणाऱ्या खिडक्या होत्या. लोक इतके वैतागले की अनेकांनी ती सोयच बंद करून टाकली. २००९च्या विंडोज ७मध्ये कंपनीला खिडक्यांची संख्या कमी करावी लागली. त्याआधी १९९९मध्ये अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सासे यांनी आपल्या अभ्यासातून दाखवलं होतं की माणसं सुरक्षेचे नियम मोडतात ती बेफिकिरीपोटी नव्हे. नियम त्यांच्या कामाशी जुळत नाहीत आणि त्यांची कारणं त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून मोडतात. कॉर्मॅक हर्ली यांनी २००९मध्ये पुढचं पाऊल टाकलं. सुरक्षेचा बराच उपदेश लोक धुडकावतात तो हिशेबाने पाहिल्यास बरोबरच असतो, कारण तो पाळण्याची रोजची किंमत वाचणाऱ्या नुकसानापेक्षा जास्त भरते. खिडकी लिहिणाऱ्याला वाटतं तिची किंमत शून्य आहे. ती किंमत त्याच्या खात्यातून जातच नाही, लाखो अनोळखी माणसांच्या वेळेतून आणि लक्षातून जाते.

५. आक्षेप

'प्रिंटनाइटमेअर विसरलात का?'

हा सगळ्यात सबळ आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. २०२१च्या जून-जुलैत विंडोजच्या छपाई यंत्रणेत एक भयंकर छिद्र सापडलं, तेच हे प्रिंटनाइटमेअर. साध्या खात्याचा मालकसुद्धा छपाई सेवेला स्वतःचा ड्रायव्हर स्वीकारायला लावू शकत होता, आणि ती सेवा सर्वोच्च अधिकाराने चालत असल्यामुळे सगळं यंत्र त्याच्या हाती जात होतं. हे छिद्र कंपन्यांच्या मध्यवर्ती सर्व्हरांवरही होतं. मायक्रोसॉफ्टने घाईघाईने दुरुस्त्या काढल्या आणि १० ऑगस्ट २०२१ला मूळ नियमच बदलला: यापुढे सर्व्हरवरून प्रिंटरचा ड्रायव्हर उतरवून घ्यायला प्रशासकच हवा. मग प्रिंटर जोडताना पासवर्ड मागणं बरोबरच नाही का?

आग लागलेली असताना तो नियम बरोबरच होता. पण तो कशाला लागू होता ते पाहा: ड्रायव्हर बसवण्याला, म्हणजे वरच्या पाचांपैकी तिसऱ्या कृतीला. तिथे दुसऱ्याचं हित उघडच गुंतलेलं होतं, कारण एकाच्या ड्रायव्हरने सगळ्या कार्यालयाचा सर्व्हर जात होता. माझ्या कसोटीवर तो पासवर्ड उतरतो. बाकीच्या चार कृतींना मात्र त्याने काहीच आधार मिळत नाही. आणि रोगाचं मूळ होतं ते परका प्रोग्राम सर्वोच्च अधिकाराने चालवण्यात. मायक्रोसॉफ्टनेही नंतर त्याच दिशेने पावलं टाकली. २०२३मध्ये कंपनीने प्रिंटर-उत्पादकांचे स्वतंत्र ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने बाजूला सारण्याची योजना जाहीर केली आणि पुढे छपाई कमी अधिकारात चालवणारी नवी पद्धत आणली. अ‍ॅपलचं एअरप्रिंट तर २०१०पासूनच ड्रायव्हरविना चालतं. लिनक्सवरही बहुतेक नवे प्रिंटर आयपीपी या प्रमाणित भाषेत बोलतात आणि वेगळा ड्रायव्हर मागत नाहीत. जिथे परका प्रोग्रामच उरला नाही, तिथे त्याच्यासाठी लावलेला पासवर्ड का उरावा?

'पण पासवर्ड काढला की कुणीही बनावट प्रिंटर घुसवेल'

सप्टेंबर २०२४मध्ये सिमोने मार्गारितेल्ली या संशोधकाने कप्सच्या आसपासच्या प्रोग्रामांतली छिद्रं उघड केली. नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारा एक मदतनीस प्रोग्राम ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर कान लावून बसे आणि कुठूनही आलेल्या संदेशावर विश्वास ठेवी. दूरवरचा हल्लेखोर त्याला एका बनावट प्रिंटरचा पत्ता देई, रांग आपोआप तयार होई, आणि मालकाने तिच्यावर काही छापायला टाकलं की हल्लेखोराची आज्ञा चाले.

या प्रकरणाचा निष्कर्ष अनेकांनी 'आणखी कुलपं हवीत' असा काढला. मला त्यात नेमकं उलट दिसतं. त्याच संगणकासमोर बसलेला, आत प्रवेश केलेला मालक स्वतःच्या टेबलावरचा प्रिंटर जोडायला गेला तर त्याला पासवर्ड. इंटरनेटवरून आलेल्या निनावी संदेशाला मात्र काहीच नाही! फाटकावरचा वॉचमन रोज त्याच रहिवाशांची नावं वहीत लिहून घेतो आणि मागची भिंत पडलेली आहे, अशा सोसायटीला सुरक्षित म्हणायचं का? मालकाला रोज खिडक्या दिसत होत्या, म्हणून यंत्रणा दक्ष आहे असा सगळ्यांचाच समज झाला होता. अनावश्यक पासवर्डाचा हा सगळ्यात मोठा तोटा मला वाटतो: पहारा आहे असा भास निर्माण करून तो खऱ्या पहाऱ्याची निकड मारून टाकतो.

आणि बनावट प्रिंटर ओळखायला पासवर्डाची मदत होते कुठे? पासवर्डाने सिद्ध होतं ते माणूस कोण हे. प्रिंटर कोण हे त्यातून कधीच कळत नाही. प्रशासकसुद्धा यादीतल्या चुकीच्या नावावर क्लिक करू शकतो.

'संगणक सामायिक असेल तर?'

तर पासवर्ड हवा. शाळेची प्रयोगशाळा, सायबर कॅफे, बँकेचा काउंटर, इथे एकाने रांग बदलली तर पुढच्याचं काम अडतं किंवा त्याचा कागद भलतीकडे निघतो. दुसऱ्याचं हित तिथे हजर आहे. दुसऱ्याने टाकलेलं छपाईचं काम रद्द करणं, दूरच्या सर्व्हरची मांडणी बदलणं, सगळ्यांसाठी सॉफ्टवेअर बसवणं, हेही त्याच गटातलं. नोव्हेंबर २००९मध्ये फेडोरा १२ने सामान्य वापरकर्त्याला सहीशिक्क्याचं सॉफ्टवेअर पासवर्डशिवाय बसवू दिलं तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. मागे घेतला ते योग्यच झालं. एकाने बसवलेला प्रोग्राम त्या यंत्रावरच्या सगळ्यांच्या वाट्याला येतो. प्रिंटरचा पत्ता नोंदवणं त्या पंक्तीत बसत नाही.

'ज्याला नको असेल त्याने नियम बदलून घ्यावा'

जाणकार बदलतोच. मॅकवर किंवा लिनक्सवर एखाद्या खात्याला प्रिंटर-प्रशासकांच्या गटात घालायला एका ओळीची आज्ञा पुरते. पण ती ओळ कुणाला ठाऊक असते? ज्याला या अडवणुकीचा सर्वांत कमी त्रास होतो त्याला. सांगलीच्या त्या वडिलांना ती ओळ कधीच दिसणार नाही. बहुसंख्य माणसं यंत्र जसं येतं तसं वापरतात, म्हणून आलेली मांडणी हाच त्यांच्यापुरता कायदा असतो. तो करणाऱ्याने 'बदलता येतो' असं म्हणून हात झटकू नयेत.

६. निर्णय कुणाचा

खोलात गेलं तर या खिडकीमागे बहुतेक वेळा सुरक्षेचा निर्णय नसतोच, निर्णय न घेणं असतं. मांडणी करणाऱ्यापुढे प्रश्न असतो: ही कृती धोक्याची आहे का? उत्तर द्यायचं तर कृतीचे तुकडे करून प्रत्येकाची जोखीम तपासावी लागते, आणि चुकलं तर बोल स्वतःवर येतो. पासवर्ड मागितला की दोन्ही टळतं. काही वाईट झालंच तर 'वापरकर्त्याने परवानगी दिली होती' असं म्हणता येतं. ज्याच्याकडे माहिती आहे त्याने निर्णय सोडून द्यायचा आणि ज्याच्याकडे काहीच माहिती नाही त्याच्या गळ्यात जबाबदारी घालायची, ही पद्धत मला अप्रामाणिक वाटते.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती संगणकप्रणाल्यांची मूळ मांडणी ठरवणाऱ्यांकडे आहे. संगणकासमोर बसलेल्या, आत प्रवेश केलेल्या माणसाला प्रिंटर शोधायला, ड्रायव्हर न लागणारा प्रिंटर जोडायला आणि आपला नेहमीचा प्रिंटर ठरवायला काहीही विचारू नये. प्रणालीच्या स्वतःच्या, तपासून सही केलेल्या साठ्यातला ड्रायव्हर लागत असेल तर त्या माणसाचा स्वतःचा पासवर्ड पुरे. ड्रायव्हर बाहेरून आणलेला असेल तर जरूर थांबवावं, पण मग त्या खिडकीत फाइल कोणती, आली कुठून, ती कोणत्या अधिकाराने चालणार आणि नको म्हटल्यास काय अडेल, एवढं स्पष्ट मराठीत, कन्नडात, तमिळमध्ये लिहावं. शाळा-कार्यालयांच्या प्रशासकांना हे सगळं आवळून घ्यायची सोय पॉलकिटच्या एका नियमफायलीत आजही आहे, ती तशीच राहू द्यावी. कप्सची तिसरी पिढी छपाईचा स्थानिक भाग प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतःच्या अधिकारात चालवायची आखणी करून येते आहे. ती आली की रांगा ज्याच्या त्याच्या होतील आणि रूटचा प्रश्नच मिटेल. पण त्यासाठी थांबायची गरज नाही. अडकलेला कागद काढणाऱ्याला रांग सुरू करू देणं आजच्या यंत्रणेतही एका परवान्यापुढे 'होय' लिहिण्याइतकंच काम आहे.